एक घड्याळ, एक तेल

२ एप्रिल, बुधवार

सासऱ्यांचं, म्हणजे अप्पांचं, घड्याळ मागे पडतं. रोज वीसेक मिनिटं. विश्वजितने मोबाइलशी ताडून पाहून दुजोरा दिला. मेहुण्याने दुजोरा दिला म्हणजे बातमी पक्की. एरवी तो जेवण झालं का या प्रश्नालाही 'बघून सांगतो' म्हणतो.

घड्याळ स्विस, सतरा ज्युवेलचं, म्हणजे सतरा खड्यांचं, हाताने किल्ली द्यायचं. अप्पांना त्यांच्या सासऱ्यांनी लग्नात दिलेलं, कुंभकोणमला. अप्पा रेल्वेत गार्ड होते. त्या घड्याळावर गाड्या सुटल्या. आता ग्लॉकोमाने दोन्ही डोळे गेलेत, तरी रोज सकाळी स्नान झालं की पहिल्या कॉफीच्या आधी स्वतः किल्ली देतात. सासूबाई गेल्यापासून झोपताना उशीवर कानाशी ठेवतात. टिकटिक ऐकू आली की घरात आणखी कोणी जागं आहे असं वाटतं म्हणे.

विश्वजित ते माउंट रोडवरच्या एका दुकानात टाकणार होता. मी थांबवलं. घरात तेलाचा माणूस असताना दुकान कशाला? डिफेन्सच्या फॅक्टरीत एकतीस वर्षं ल्युब्रिकंट स्टोअर सांभाळलं. ज्याच्या तेलावर रणगाडे चालले, त्याला मनगटावरच्या घड्याळाचं काय अवघड!

११ मेला अप्पांना ऐंशी पूर्ण. सासूबाई नाहीत म्हणून मोठा सोहळा नाही, साधा आयुष्यहोम. त्या दिवशी घड्याळ पुढे कोणाला, ते अप्पा जाहीर करणार. रीतीप्रमाणे ते सासऱ्याकडून जावयाकडे जायला हवं. माझ्या लग्नात मला बॅटरीचं दिलं. तिसऱ्या वर्षी बंद पडलं. मी कधी बोललो नाही. अठ्ठावीस वर्षं बोललो नाही. बायको, सरोजा, म्हणते, दर दिवाळीला बोलता.

संकल्प: घड्याळ स्वतः सर्व्हिस करायचं. होमाच्या दिवशी चालतं घड्याळ अप्पांच्या हातात ठेवायचं. मग आपला हात पुढे करायचा.

३ एप्रिल

तिरुवल्लिकेणीला जाऊन घड्याळ आणलं. अप्पा सहज देईनात. त्यांचं मराठी तंजावरचं. चाल तमिळ, शब्द मोडीतले. मला कायम 'तुम्हीं' म्हणतात, अनुस्वारासकट. म्हणाले, जांवाई, मागें तुम्हीं माझा पंखा दुरुस्त केलांत, तेव्हांपासून तो वारा छताला घालतो.

(पंखा फिरतो. उलटा फिरतो, पण फिरतो.)

शेवटी सरोजा मध्ये पडली. अप्पा, माझ्या शब्दावर द्या, म्हणाली. तिने असा शब्द आधी एकदाच दिला होता, माझ्याशी लग्न करायचं म्हणून हट्ट धरला तेव्हा. अप्पांनी तेही बोलून दाखवलं. घड्याळ मनगटावरून काढल्यावर कानाला लावलं, माझ्याकडे धरलं, परत घेतलं, पुन्हा कानाला लावलं. मग दिलं.

हा विश्वासच आहे. वेगळ्या पद्धतीचा.

६ एप्रिल, रविवार

व्हॉट्सअॅपवर चेन्नईतल्या जुन्या घड्याळवाल्यांचा एक ग्रुप आहे, त्यात शिरलो. अॅडमिन राममूर्ती, बँकेतून रिटायर्ड जनरल मॅनेजर. साठ घड्याळं. प्रत्येक मेसेजच्या शेवटी स्वतःचा हुद्दा लिहितात.

कोणतं तेल घालू, एवढंच विचारलं. त्यांनी तक्ताच पाठवला. मुख्य स्प्रिंगच्या डब्याला आणि हळू फिरणाऱ्या चाकांना जाड तेल. भरभर फिरणाऱ्या चाकांना आणि बॅलन्सला, म्हणजे मागेपुढे झुलणाऱ्या चाकाला, पातळ. किल्लीच्या भागाला ग्रीस. पॅलेट म्हणून एक नांगरासारखा तुकडा असतो, त्याच्या खड्यांच्या तोंडाला चौथंच तेल, पण त्याच्याच टोकांना अजिबात नाही, कोरडी ठेवायची. आणि हेअरस्प्रिंग, केसाएवढी गुंडाळलेली, तिला तेलाचं बोटसुद्धा लागता कामा नये. थेंब एवढासा, की भिंगाशिवाय दिसू नये.

हसू आलं. नखाएवढ्या यंत्राला चार तेलं! हे शास्त्र नाही, मार्केटिंग आहे. स्टोअरमध्ये मी असताना नऊ प्रकारची वंगणं होती, मी ती दोनवर आणली होती. (तेव्हा मला मेमो मिळाला, पण त्याचा विषय वेगळा होता.)

सिद्धांत मांडला: एक घड्याळ, एक तेल. ग्रुपवर टाकला. राममूर्तींनी लगेच हात जोडल्याची खूण पाठवली. मोठा माणूस, पण नम्र.

९ एप्रिल

बाल्कनीत काचेच्या तुकड्यावर ट्रायल. सरोजाच्या शिलाई मशीनचं तेल, खोबरेल, दाढीच्या मशीनचं, आणि फॅक्टरीतून निरोपाच्या दिवशी चुकून खिशात आलेलं एक. प्रत्येकाचा एक थेंब. पेरुंगुडीचं ऊन म्हणजे फुकटची लॅबोरेटरी.

दुपारी कावळ्याने काच पाडली, बाटल्याही. निकाल तरी स्पष्ट आहे: मशीनचं तेल. कारण ती बाटली आतच राहिली होती.

१२ एप्रिल, शनिवार

सर्व्हिसिंग पूर्ण. डायनिंग टेबल, सरोजाचा भुवयांचा चिमटा, इंजेक्शनची सुई. पूर्ण उघडलं नाही. पूर्ण उघडणं हे आत्मविश्वास नसलेल्यांचं काम. मागचं झाकण काढलं की सगळं दिसतं.

प्रत्येक ज्युवेलला थेंब. पॅलेटची टोकं कोरडी ठेवणं मनाला पटेना. कोरडं ठेवून कोणाचं भलं झालंय? त्यांनाही दिला. हेअरस्प्रिंग सगळ्यात जास्त हलते, म्हणजे तिला सगळ्यात जास्त गरज. तिला दोन.

सरोजा म्हणाली, त्या तक्त्यात नको लिहिलं होतं ना? मी म्हटलं, तक्ता स्वित्झर्लंडच्या थंडीसाठी आहे.

घड्याळ उत्साहाने चालू लागलं. आवाजसुद्धा भरभर.

१४ एप्रिल, पुत्तांडु

तमिळ वर्षाचा पहिला दिवस. घड्याळ अप्पांना परत केलं. त्यांनी कानाला लावलं, बराच वेळ काढलं नाही. मग म्हणाले, हें चालत नाहीं, हें पळतें. कोण मागें लागलंय ह्याच्या?

मी म्हटलं, अप्पा, तारुण्य आलंय त्याला.

अप्पा म्हणाले, ऐंशीव्या वर्षीं तें मला नको आहे.

सगळे हसले. मीही. विनोद माझ्या कामावर होता, पण काम झालं म्हणून तर विनोद झाला.

१६ एप्रिल

विश्वजितचा फोन. घड्याळ दिवसाला दीड तास पुढे जातंय. अप्पा काट्यांवरून बोट फिरवून वेळ पाहतात, त्यासाठी काच उचकटायची सोय त्यांनी फार पूर्वी करून घेतली आहे. आज त्या वेळेवर उठले, गार पाण्याने स्नान केलं, अंगाला विभूती लावून बसले, आणि कॉफी कुठे म्हणून सुनेवर ओरडले. मग दूध का आलं नाही म्हणून दूधवाल्याला फोन लावायला सांगितला. त्याला म्हणाले, मी रेल्वेत होतों, मला वेळ शिकवूं नकोस.

विश्वजितने खरी वेळ सांगितली. दूधवाला आला तेव्हा उठून त्याची माफी मागितली.

विश्वजित म्हणाला, भावोजी, अप्पांना मी कधी कोणाची माफी मागताना पाहिलं नव्हतं.

म्हणजे घड्याळाने माणूस बदलला. पण पुढे जातंय हे खरं. विचार करायला हवा.

१७ एप्रिल

विचार केला. उत्तर सोपं आहे. पातळ तेलाने वेग वाढला. जाड तेलाने कमी होईल. वेग जास्त तर तेल जाड. बस. एवढं राममूर्तींच्या तक्त्यात एका ओळीत लिहिता आलं असतं.

ग्रुपवर मांडलं. बारा जणांनी अंगठे पाठवले. राममूर्तींनी लिहिलं, ग्रुपला ऑइल मिनिस्टर मिळाले. मी प्रोफाइलला तेच नाव लावलं. सरोजाने विचारलं, हे कौतुक आहे की टवाळी? मी म्हटलं, बँकेतला माणूस फुकट टवाळी करत नाही.

१९ एप्रिल, शनिवार

घड्याळ आणायला तिरुवल्लिकेणीला गेलो, आणि तिथे दृष्टांत झाला.

अप्पांचं शनिवारचं एण्णै कुळियल चालू होतं. तेलस्नान. पाटावर बसलेले, डोक्यापासून टाचेपर्यंत नल्लेण्णै, म्हणजे तिळाचं तेल, निथळतंय. तसेच अर्धा तास मुरवत बसतात, मग शिकेकाई. जन्मात एक शनिवार चुकवला नाही, म्हणून ऐंशीव्या वर्षी गुडघे मांडी घालतात.

मी उभ्या उभ्या थरारलो. थेंब! आपण थेंबांत अडकलो होतो. थेंबाने कोणाचे सांधे सुटतात? यंत्राला मुरवायला हवं.

अप्पांना म्हटलं, अप्पा, तुमच्यामुळे सुचलं. ते म्हणाले, काय सुचलं तें सांगूं नका, आज शनिवार आहे.

घड्याळ देताना या वेळी कानाला लावलं नाही. उशीशी विश्वजितने एक गजराचं घड्याळ ठेवलंय. अप्पा म्हणाले, तें बोलतें, पण मला ओळखत नाहीं.

२६ एप्रिल, शनिवार

घड्याळाचं एण्णै कुळियल. मुद्दाम शनिवार निवडला. श्रद्धा नाही, पण प्रयोगात सगळ्या अटी सारख्या हव्यात.

चटणीच्या वाटीत नल्लेण्णै, लाकडी घाण्याचं. केसमधून मशीन काढलं, बुडवलं. बारीक बुडबुडे आले, मग शांत झालं. अर्धा तास. शिकेकाईचा मोह टाळला, टिश्यूने टिपलं. किल्ली दिली.

चाललं! हळू, भारदस्त. गजगतीने. रात्रीपर्यंत मोबाइलच्या दहाच मिनिटं मागे. सिद्धांत सिद्ध. फक्त तेल थोडं कमी जाड हवं होतं, पण ते आता उन्हाळा पाहून घेईल.

सरोजा वाटी शोधत होती. मी बोललो नाही. श्रेय घेण्याची घाई नको.

२७ एप्रिल

सरोजाला वाटी सापडली. तळाशी एक इवलासा स्क्रू.

म्हणाली, हा कुठला? मी म्हटलं, जास्तीचा. स्विस लोक स्क्रू जास्तीचे घालतात.

ती ओट्याला टेकून उभी राहिली. तुम्हाला माहितीय ना, मी माझ्या शब्दावर आणलंय ते, म्हणाली. मी म्हटलं, म्हणूनच तर एवढी मेहनत घेतोय.

३ मे

तिरुवल्लिकेणीला नेऊन दाखवलं. नुसती तपासणी. अप्पांनी नाकाजवळ धरलं. ह्याला जेवूं घातलंत काय, विचारलं. मग कानाला लावलं. बराच वेळ. मी म्हटलं, ऐकू येतंय ना? ते म्हणाले, हो, दमलंय. बसूं द्या त्याला.

मग हळूच म्हणाले, जांवाई, पोदुम. पुरे आतां. आहे तसंच माझ्याकडे ठेवा.

मी आणलं परत. अर्धवट सोडणं माझ्या स्वभावात नाही.

४ मे

आजपासून कत्तिरी. चेन्नईचं सगळ्यात कडक ऊन. तेल पातळ होऊन योग्य जाडीवर येईल असा हिशेब होता.

सकाळी डायलवर तिसरा काटा दिसला. हलत होता. मुंगी.

दुपारपर्यंत रांग. आत जाऊन बाहेर येताना तोंडात काहीतरी. मी टाल्कम पावडर टाकली. मुंग्या गेल्या. पावडर राहिली.

संध्याकाळी घड्याळ थांबलं. विश्रांती घेतंय.

५ मे

ग्रुपवर मुंगीचा फोटो टाकला, मार्गदर्शनासाठी. राममूर्तींनी तो आपल्या इतर तीन ग्रुपांवर पाठवला. कोइम्बतूरच्या एका अनोळखी माणसाने मला थेट मेसेज केला: सर, चटणी कोणती?

मी उत्तर दिलं, तेलावर गंभीर चर्चा करायची असेल तर करा. त्याने तेही ग्रुपवर टाकलं.

मी ग्रुप सोडला. त्यांनी आधी काढलं, पण मी सोडणारच होतो.

७ मे

सरोजा मला न सांगता घड्याळ घेऊन माउंट रोडला गेली. परत आल्यावर पर्स न ठेवता सोफ्यावर बसून राहिली.

दुकानदाराने झाकण उघडलं, मुलाला हाक मारून दाखवलं, शेजारच्या दुकानदारालाही बोलावलं. मग तिला विचारलं, अम्मा, यात वडे तळले का? ती हसली म्हणे. काय करणार.

मग त्याने सांगितलं: हेअरस्प्रिंगचे वेढे चिकटून पिळले गेलेत, बॅलन्सचं टोक वाकलंय, या मशीनचे भाग येत नाहीत. दुसरं मेलेलं घड्याळ मिळालं तर बघू. कधी, ते सांगता येत नाही. होमाच्या आत नाहीच.

ती म्हणाली, महिन्यापूर्वी आणलं असतंत तर नुसतं धुऊन तेल दिलं की झालं असतं, असंही तो म्हणाला. चार तेलं. तक्त्यातलीच.

मी म्हटलं, धंदा आहे त्याचा, घाबरवणारच.

तिने माझ्याकडे पाहिलं. मग आत गेली. रात्रीचं जेवण टेबलावर झाकून ठेवलेलं होतं.

९ मे

सरोजा बोलत नाही. मौनाचे फायदे आहेत. कामात एकाग्रता येते.

पेट्रोलने धुतलं. मुंग्या निघाल्या. पिळलेली स्प्रिंग चिमट्याने सरळ करत आणली. आता ती खरंच सरळ आहे. गुंडाळायची होती का, यावर मतभेद असू शकतात.

शेवटचा उपाय: किल्ली पूर्ण भरली, अडेपर्यंत. आत एवढी शक्ती दाटली की यंत्राला चालावंच लागेल.

हलवलं की चार-पाच टिक देतं. मग थांबतं. अधूनमधून हलवत राहिलं तर चालू आहेच असं म्हणता येईल. अप्पांचा हात थोडा थरथरतोच. निसर्गच मदत करेल.

१० मे, शनिवार

घड्याळ अप्पांना दिलं. ते तेलस्नान करून बसले होते. मी हातात देताना हलवून दिलं.

त्यांनी कानाला लावलं. टिक, टिक, टिक, टिक. मग नाही.

मी म्हटलं, अप्पा, जरा हलवत राहा. सवय होईल त्याला.

त्यांनी घड्याळ उशीखाली ठेवलं, नेहमीच्या जागी. विश्वजितला गजराचं घड्याळ बाहेर न्यायला सांगितलं. विश्वजित म्हणाला, अप्पा, मग ऐकाल काय? अप्पा म्हणाले, आतां काय ऐकायचं तें राहूं दे, झोपतों.

म्हणजे माझ्या कामावर विश्वास आहे. नाहीतर दुसरं घड्याळ ठेवून घेतलं असतं.

११ मे, रविवार, सकाळी

होम आहे. नवी वेष्टी, अंगवस्त्र. डाव्या मनगटावरचं जुनं घड्याळ मुद्दाम काढून ठेवलं. मनगटाला पावडर लावली. सरोजा पाहत होती. पावडर पाहून तोंड फिरवलं.

११ मे, संध्याकाळी

लिहायला उशिरा बसलो.

होम पार पडला. चाळीसेक माणसं. धुरात अप्पा लाल डोळ्यांनी बसले होते. पूर्णाहुतीनंतर विश्वजितने त्यांना उठवलं. अप्पा म्हणाले, जांवाई कुठें?

मी पुढे झालो. अप्पांनी माझा डावा हात चाचपला, मनगट सापडलं, पट्टा बांधला. आंधळ्या माणसाने एका झटक्यात बांधला. मोठ्याने म्हणाले, माझ्या सासऱ्यांनीं मला दिलं. मी माझ्या जांवायाला देतों. परंपरा आहे.

टाळ्या. कोणीतरी नादस्वराची रेकॉर्ड लावली. अठ्ठावीस वर्षांनी. मी सरोजाकडे पाहिलं. ती खाली बघत होती.

मी टोमण्याची वाट पाहिली. आला नाही. अप्पांनी फक्त माझा हात उचलून मनगट आपल्या कानाला लावलं, आणि तसंच धरून ठेवलं. कोणीतरी रेकॉर्ड थांबवली. सगळे ऐकू लागले. मी बोटं थोडी हलवून पाहिली. अप्पांनी मनगट घट्ट धरलं, हलू दिलं नाही.

मग हात सोडला. म्हणाले, जांवाई, हें एकावन्न वर्षं रोज सकाळीं माझ्या कानासमोर किल्ली घेत आलंय. ती सवय मोडूं नका. तुम्हीं रोज येऊन द्या. सहाला. मी स्नान करून बसलेला असेन. मला तेवढं ऐकूं द्या.

मी म्हटलं, अप्पा, पेरुंगुडीहून रोज...

येतील, सरोजा म्हणाली. चार दिवसांत तोंडातून निघालेला पहिला शब्द.

विश्वजितने मान डोलावली. पायसम चांगलं होतं असं लोक म्हणाले.

आत्ता टेबलावर बसून किल्ली फिरवून पाहिली. फिरत नाही. फिरणार कशी? परवा मीच अडेपर्यंत भरली. घड्याळ चालेल तर स्प्रिंग सुटेल, स्प्रिंग सुटेल तर किल्ली घेईल. चालत नसलेल्या घड्याळाला किल्ली देता येत नाही. हे मला आता कळलं. एकावन्न वर्षं रोज किल्ली देणाऱ्याला ते केव्हापासून माहीत असणार.

सरोजाने माझ्या फोनला पहाटेचा गजर लावून तो टेबलावर ठेवलाय. विश्वजितचा मेसेज आहे: अप्पांनी उद्या कॉफी दोन पेले टाकायला सांगितलीय, पण किल्ली झाल्यावरच.

पहिली बस साडेचारची. सहाला अप्पा पाटावर कान पुढे करून बसलेले असतील.